शिकाऊची पाटी

आमच्या गालिहला 'खरं' या शब्दाचा रोग झालाय. ताटात काय वाढलंय ते न बघता जेवेल, बाप भिंत धरत समोरून गेला तर मान वर करणार नाही, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या गाडीची सावली भलतीकडे पडली की अख्खं घर डोक्यावर घेईल. "इबू, हे खरं वाटत नाही!" अरे, इबू म्हणतोस त्या तुझ्या आईचे गुडघे खरे आहेत, ते वाटतात का कधी?

मी तिसरी शिकलेली. जन्मभर तेंपे केलं. सोयाबीन भिजवलं, चोळलं, केळीच्या पानात बांधून आंबवलं आणि मालांगच्या बाजारात बसून विकलं. माझ्या तेंप्याला कोणी नाव ठेवून दाखवावं. त्या तेंप्यावर गालिह शिकला आणि आता पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून, तीन पोरांना हाताशी धरून गाड्यांच्या शर्यतीचा गेम बनवतो. त्यातला रस्ता पुजोनहून बातूला उतरणाऱ्या घाटाचा, म्हणजे त्याच्या बापाचाच. कास्दींनी, म्हणजे आमच्या यांनी, एकतीस वर्षं त्या घाटात मिनीबस चालवली. कुठल्या वळणाला धुकं बसतं आणि कुठे कोबीचा ट्रक आडवा येतो, सगळं यांच्याकडून काढून घेतलं पोरानं.

मग यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय फरफटत का होईना चालायला लागला, हात मात्र मांडीवर उसना ठेवल्यासारखा पडून राहिला. आमच्यात डाव्या हातानं जेवत नाहीत. हे पडद्याआड बसून, भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं जेवायचे. चौदा महिने माझ्याकडे काही मागितलं नाही. कॉफीसुद्धा नाही.

आणि एके दिवशी म्हणाले, "त्या पोरांना विचार, मला एकदा चालवू देतील का."

मी भांडी तशीच टाकून धावले. निंग्रुम नावाची एक पोरगी तिथे काम करते, हुशार आणि तोंडाची गोड. तिनं खुर्ची दिली, रिमोट हातात दिला आणि समजावलं. डाव्या हाताला वळवायचं बटण आणि ब्रेक, उजव्या हाताला ॲक्सिलरेटर. म्हणजे नशिबानं नेमका मेलेल्या हाताकडे ॲक्सिलरेटर दिलेला.

यांनी रिमोट गुडघ्यात दाबून धरला. उजवं बोट कसंबसं बटणावर ठेवलं. बोट दाबलं जायचं, पण सुटायचं नाही. पहिलं वळण आलं, यांनी बरोबर वेळेला ब्रेक दाबला, पण उजवं बोट तसंच रुतलेलं. गाडी सुसाट जाऊन दगडी भिंतीवर आपटली. गालिहनं ती भिंत फार खरी केली आहे. दगडावरचं शेवाळही दिसतं.

"पुन्हा," हे म्हणाले.

अकरा दिवस. रोज दुपारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून यायचे आणि त्याच भिंतीवर आपटायचे. पोरं कामाचं सोंग करून मान खाली घालायची. पण मी आणखी एक बघत होते. हे कॉफी मागायला लागले होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं दिलेला रबरी चेंडू न सांगता दाबत बसायचे. बाई मला बजावून गेली होती, हात वापरात नाही राहिला तर मूठ कायमची मिटेल. बाराव्या दिवशी मात्र हे खुर्चीतून उठले आणि हळूच म्हणाले, "त्या रस्त्यानंही ओळख सोडली."

मी तडक उठले. गालिहला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"तुझ्या त्या गेममध्ये सोपं करायची काही सोय आहे का नाही?"

"आहे की. सेटिंगमध्ये. ब्रेकला मदत, वळायला मदत, हवं ते मिळतं. सुरुवातीला बंद असतं, ज्याला पाहिजे त्यानं चालू करायचं."

"मग कर चालू."

"निंग्रुमनं केलं होतं. बापाकनीच बंद करायला लावलं." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मदत घेतली की गाडीच्या मागे पाटी लागते, इबू. लाल. शिकाऊची."

"एकतीस वर्षं घाट उतरवलेल्या माणसाच्या पाठीला शिकाऊची पाटी?"

"नियम सगळ्यांना सारखा. पाटी नसेल तर खरं खेळणारे चिडतात. वीस दिवसांनी गेम लोकांसमोर जाणार आहे, आत्तापासून लिहितायत, निदान याचा तरी पोरखेळ करू नका म्हणून."

"कोण लिहितंय?"

"लोक. इंटरनेटवरचे."

"त्यांना त्यांच्या आया जेवायला हाका मारत नाहीत वाटतं?"

तो हसला नाही. मी त्याच्या जवळ गेले आणि आवाज खाली घेतला. "बाकीच्यांचं तू बघ. यांच्या गाडीची पाटी काढ आणि असेल ती मदत दे. सगळी. त्यांना कळू देऊ नकोस."

"इबू, त्यांना कळेल."

"त्यांना आता काय कळतंय!"

हे वाक्य माझंच. लिहिताना हात अडला, पण माझंच आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्याच आग्रहानं हे पुन्हा खुर्चीत बसले. गाडी सुटली. यांनी ती जराशी डावी-उजवी हलवून बघितली.

"हलकी लागतेय. काही केलंस का रे?"

"नाही, बापाक. टायर बदललेत फक्त."

पहिलं वळण आलं आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघून गेली. भिंत मागे पडली. मी तोंडावर ओढणीचं टोक धरलं. पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. दुसरं वळणही गेलं. यांचा चेहरा मात्र हलला नाही. तिसऱ्या वळणाला यांनी ब्रेक लावलाच नाही. मुद्दाम. मला त्या गेममधलं काही कळत नाही, पण एकतीस वर्षं त्या माणसाच्या बसमध्ये तेंप्याच्या टोपल्या घेऊन पहिल्या सीटवर बसले आहे, ब्रेक कुठे लागतो ते माझ्या पायाला कळतं. ब्रेक न लावता गाडी आपणहून हळू झाली आणि शहाण्यासारखी वळली.

यांनी रिमोट टेबलावर ठेवला. गाडी चालतच होती. चौथं वळण, पाचवं वळण. कोबीच्या ट्रकला वाट देऊन पुढे गेली. टाळ्या एकेक करून थांबल्या. सगळे उभे राहून बघत होते, खुर्चीतल्या माणसाचा डावा हात मांडीवर आणि गाडी बातूकडे निघालेली.

"गाडीला ड्रायव्हर मिळालाय," हे म्हणाले. "बरं झालं."

त्या दिवसापासून पुढची खोली बंद. चेंडू खाटेखाली गेला. व्यायामाच्या बाईला मागच्या मागे परत पाठवलं. मूठ मिटत चालली. मी रोज सकाळी एकेक बोट उघडून तळवा पुसायची, आणि हे दुसरीकडे बघत राहायचे, जणू मी कोणा परक्याचा हात धुतेय.

शेवटी मीच जाऊन निंग्रुमच्या शेजारी बसले. "मला अडाणी बाईला समजव," म्हटलं, "यांना नेमकं कुठे अडत होतं?"

"उजव्या बोटापाशी, इबू. बाकी सगळं बरोबर होतं त्यांचं. ब्रेक तर मास गालिहपेक्षा चांगला लावतात." ती गालिहला मास म्हणते, दादा म्हणावं तसं.

"मग तेवढ्या बोटापुरताच हात दे ना. बाकीचं त्यांचं त्यांच्यावर सोड. चुकले तर आपटू देत."

तिनं कीबोर्ड पुढे ओढला. मग म्हणाली, "ॲक्सिलरेटर आपोआप दाबलेला ठेवता येईल. ब्रेक लावला की सुटेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण मास गालिह..."

गालिह दारात उभा होता. मला वाटलं, आता भांडेल. तो इतकंच म्हणाला, "पाटी नको. आणि सेटिंगमध्ये लपवायचं नाही. गेम उघडला की पहिलं हेच विचारायचं, हात एक की दोन." मग डोळे चोळत म्हणाला, "सगळ्यांसाठीच." पोरगा वाईट नाही माझा. उशिरा उजाडतं त्याच्याकडे.

मी नवऱ्याची आयुष्यात कधी विनवणी केली नाही. माझा मान मला नवऱ्याहून प्यारा, असं सासू म्हणायची. त्या दिवशी खाटेपाशी खाली बसले. "अहो, एकदाच. माझ्यासाठी."

आले. दाढी न करता आले. बसले. निंग्रुमनं सगळं खरंखरं सांगितलं, की फक्त उजव्या बोटाचं काम गाडी करेल, बाकी तुमचं. यांनी मान हलवली.

गाडी उतारावर सुटली. वळणाआधी यांचा डावा खांदा झुकला, तसाच, बसमध्ये झुकायचा तसा. ब्रेक लागला. माझ्या पायाला कळलं, बरोबर जागी लागला. मागचं चाक जरासं घसरलं, भिंतीला घासता घासता राहिलं, आणि गाडी वळली. यांनीच वळवली. तसं वळण एकतीस वर्षांत त्या घाटात दुसरं कोणी घेतलं नाही.

कोणी टाळी वाजवली नाही. वाजवायची हिंमत कोणाला होती?

पुढच्या उतारावर यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. मागच्या गाड्या भराभर निघून गेल्या.

"छान चालते," हे म्हणाले. "या वेळी काय घातलंस?"

"काही नाही, बापाक," गालिह खुर्चीपाशी खाली बसत म्हणाला. "तुम्ही घेतलंत वळण. तुमचं आहे ते. अल्लाची शपथ."

"त्या दिवशी शपथ घेतली नव्हतीस. तेवढाच फरक." हे रागावले नव्हते. रागावले असते तर मी आनंदानं जेवणात गोड केलं असतं. डाव्या हातानं यांनी गालिहच्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मूल खोटं बोलताना पकडल्यावर फिरवावा तसा, आणि भिंत धरत आत निघून गेले. खाट करकरली.

गालिह माझ्याकडे वळला. "इबू, आता खरंच काही लावलं नव्हतं. सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

 पडद्यावर ती गाडी रस्त्याच्या कडेला तशीच उभी होती.

"ते हरत होते तोवर रोज येऊन बसत होते, गालिह. आपण त्यांना फसवून जिंकवलं. आता जिंकलेलं त्यांना खरं वाटणार नाही, आणि हरताही येणार नाही."