सरावाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी शीतपेटी आहे. रंगाने निळी, अंगाने जाड आणि स्वभावाने थोडी कुरकुरी. एका सरकारी प्रयोगशाळेत वजनकाट्याशेजारी माझा मुक्काम असतो. मी तयार झाले तेव्हा कारखान्यातल्या एका बाईंनी मला मुद्दाम उंचावरून आपटलं आणि फुटले नाही म्हणून माझ्यावर शिक्का मारला. मार खाऊन शाबासकी मिळवणारं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

फ्लूचा विषाणू मोठा बहुरूपी. सारखे वेष बदलतो. कधी अगदीच नवा वेष घेऊन आला, तर जगभर साथ पसरू शकते. म्हणून आजाऱ्यांच्या घशातून कापसाच्या काडीवर घेतलेले नमुने मी परदेशातल्या मोठ्या प्रयोगशाळेत नेते. तिथले शास्त्रज्ञ विषाणू ओळखतात आणि खासगी कंपन्या त्यावरून लस बनवतात.

प्रयोगशाळेशेजारच्या रुग्णालयातल्या मोठ्या सिस्टरना मात्र मी डोळ्यांसमोर नको असायची. फार वर्षांपूर्वी त्यांनी असेच नमुने दिले होते. लस झाली, दूरच्या देशांना मिळाली, आणि यांच्या वॉर्डापर्यंत पोचली तेव्हा साथ ओसरून गेली होती. त्या साथीत त्यांची एक सोबतीण दगावली. पुढे सगळ्या देशांनी आणि कंपन्यांनी मिळून करार केला. नमुने सगळ्यांनी द्यायचे आणि कंपन्यांनी लशीतला ठरलेला वाटा गरजू देशांसाठी बाजूला काढायचा. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी तो करार सिस्टरना वाचून दाखवला.

“सगळ्यांच्या सह्या आहेत बघा,” मॅडम म्हणाल्या.

“कागदाला ताप येत नाही, मॅडम. लस हातात पडेल तेव्हा खरं.”

मला ते झोंबलं, पण खोटं म्हणवेना.

मग शांततेची वर्षं आली. लोक माझ्यावर चहाचे कप ठेवू लागले. वर्षातून एकदा तेवढा सराव व्हायचा. पॅकिंगवाले काका माझ्यात पाण्याच्या कुप्या ठेवायचे, वर ‘सराव’ लिहिलेली पिवळी पट्टी चिकटवायचे आणि लस कंपनीची ड्रायव्हर ताई मला विमानतळाच्या मालखात्यापर्यंत फिरवून आणायची. “निघाली बाई हवापालटाला!” असं म्हणून सगळे हसायचे. काका मात्र एकही सराव चुकू देत नसत.

आणि एके दिवशी कोंबड्यांच्या शेडवर काम करणारा एक माणूस विचित्र तापाने फणफणला. सिस्टरनी स्वतः त्याचा नमुना घेतला. त्याच्याजवळ राहिल्यामुळे त्यांना दहा दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागलं. लेकीला त्या खिडकीच्या काचेतून हात करायच्या.

काकांनी नमुन्याच्या कुप्या माझ्या पोटात ठेवल्या आणि भोवती कोरडा बर्फ भरला. या बर्फाचं पाणी होत नाही, थेट वाफ होते. तिला बाहेर पडायला काकांनी झाकणाशी बारीक वाट ठेवली. बाकी सगळं अगदी सरावासारखं केलं. इतकं की, हाताच्या सवयीने पिवळी पट्टीसुद्धा चिकटवली! ड्रायव्हर ताईही सरावच समजून मला घेऊन निघाली.

मालखात्यातल्या कारकुनाने पट्टी पाहिली. “सरावाची आहे होय? ठेवा कोपऱ्यात. आधी खरा माल जाऊ दे.”

विमान सुटायला तासभर होता आणि पुढचं विमान चार दिवसांनी. माझा बर्फ तेवढा टिकणार नव्हता. झाकण उघडून ओरडावंसं वाटत होतं, पण पेटीचं कोण ऐकणार?

ताई निघणार तोच तिला माझ्या झाकणाशी पांढरी वाफ दिसली. ती थबकली. “अहो, सरावाला कोरडा बर्फ कधीच घालत नाहीत!”

तिने काकांना फोन लावला. त्यांचा आवाज सगळ्या मालखात्याला ऐकू गेला. “अगं, काढ ती पट्टी! खरीच आहे ती! माझ्याच हाताने घात केला गं!”

ताईने नखांनी पट्टी खरवडून काढली. कारकुनाने स्वतः ट्रॉली ढकलली. मी शेवटच्या क्षणी विमानात चढले. सवयीने केलेली चूक सवयीच्याच नजरेला सापडली होती.

विषाणू नवाच निघाला. पण वेळेत ओळखला गेला, त्यामुळे कंपन्या लगेच कामाला लागल्या. काही महिन्यांनी मी लस घेऊन परतले. या खेपेला कोरडा बर्फ नव्हता, कारण ही लस गोठली की वाया जाते. नुसत्या गार पिशव्या होत्या. माझं झाकण सिस्टरनीच उघडलं. वेगळ्या खोलीतून त्या ठणठणीत बाहेर आल्या होत्या.

“आली गं बाई,” एवढंच त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत राहिल्या. मलाही भरून आलं.

तेवढ्यात मॅडमना फोन आला. शेजारच्या देशातले वॉर्ड भरले होते आणि त्यांचा लशीचा वाटा तीन आठवडे लांबला होता. आपल्यातला अर्धा देता येईल का, असं ते विचारत होते. मॅडम सिस्टरकडे पाहू लागल्या. सिस्टरनी तर अजून स्वतःलाही टोचून घेतलं नव्हतं.

“तिथंही कुणीतरी सिस्टर रुग्णाजवळ उभी असेलच ना,” त्या म्हणाल्या. “काका, पिशव्या बदला. पेटी भरू या.”

मित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणायला धावू नका. शांत वर्षांतही माझ्यासारख्यांच्या झाकणाचं रबर तपासत जा, सराव चुकवू नका आणि शब्द दिला असेल तर तो वेळेवर पाळा. आम्हाला लस देणाऱ्या कंपनीने तो पाळला, म्हणून सिस्टरना दुसऱ्यांना देता आलं. त्या दिवशी मी अर्धी भरून निघाले, तेव्हा सिस्टर गाडीपर्यंत आल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.