उजव्या हाताची नखं

केदारची नखं हा घरात दोन वर्षं चेष्टेचा विषय होता. वडील, अण्णा, गेले आणि तो भांडणाचा झाला.

नखं म्हणजे फक्त उजव्या हाताची. डाव्या हाताची तो नेमानं कापायचा, कारण गिटारच्या तारा दाबायला बोटं बोडकीच लागतात. उजवी मात्र वाढवलेली, कानस मारून गोल केलेली, तुटू नयेत म्हणून वर गोंदाचा थर दिलेली. सुरतेजवळ हजीऱ्याच्या कंपनीत हिशेब खात्यात बसणारा पस्तिशीचा बाप्या, आणि हात नव्या नवरीचा. कंपनीच्या बसमध्ये लोक काय हसायचे म्हणून सांगू.

पण हौस ती हौस. भेस्तानला चेतनसर म्हणून एक जण फ्लामेंको गिटार शिकवायचे, स्पेनकडची, आणि केदार तिथं नवशिक्यांत बसायचा. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही गिटार नखांवर जगते. रासगेआदो म्हणजे बोटं एकामागून एक बाहेर झटकायची आणि नखांनी साऱ्या तारा झोडपायच्या. पिकादो म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं चालवून एकेक सूर टिपायचा. गोल्पे म्हणजे अनामिकेच्या नखानं गिटारच्या लाकडावर टकटक करायची. आणि सगळ्यांच्या बुडाशी कोम्पास, म्हणजे ताल. सोलेआ नावाचा संथ प्रकार असतो, त्यात बारा मात्रा. केदार भजनाच्या ठेक्यात वाढलेला, त्याचा हात मेला पहिल्या मात्रेवरच आदळायचा, आणि इथं पहिली मोकळी, वजन तिसरीवर. सर कपाळाला हात लावायचे. ती खोड मोडता मोडता त्याच्या नाकी नऊ आले, पण मोडली.

आणि मग सरांनी त्यालाच निवडलं. वर्गाच्या कार्यक्रमात अनुजा नावाची मुलगी सोलेआ नाचणार होती, तिच्या साथीला नवशिक्यांतून एकटा केदार. आयुष्यात त्याला कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. अण्णा मास्तर होते, त्यांच्या तोंडी सदा थोरल्या अविनाशचं कौतुक. धाकट्याच्या गिटारीला ते टमटम म्हणायचे. ते गेले तेव्हा केदार रडला, खरंच रडला. पण रडता रडता त्यानं हिशेबही केला की तेरावा शनिवारी आहे आणि कार्यक्रम रविवारी. माणसाचं मन असंच असतं, त्याला काय करायचं?

दहाव्या दिवशी तापीच्या घाटावर क्षौराला बसले. चिंधा न्हाव्यानं दोघा भावांचं डोकं तासलं, अविनाशची वीसही नखं काढली. केदारनं डावा हात पुढं केला, पाय पुढं केले, उजव्याची मूठ वळली. चिंधाच्या कानाशी लागून त्यानं विनवलं, आणि भल्या माणसानं ती मूठ तशीच सोडली.

मग पिंड मांडले. शेजारी अण्णांच्या आवडीचा लोचो, सुरतेचा तो मऊ ढोकळ्यासारखा प्रकार, ठेवला, वर शेव भुरभुरली. सगळे मागं सरून उभे राहिले. कावळे होते, नव्हते असं नाही. एक समोरच्या स्कूटरवर बसून चोच घासत होता. पण पिंडाकडं ढुंकून बघेल तर शपथ.

ऊन चढलं. अविनाशनं हात जोडून सांगितलं की आईला मी सांभाळीन. कावळा ढिम्म. चुलतभावानं गावच्या घराचा वाद मिटवतो म्हणून सांगितलं. तरी ढिम्म. मंडळींच्या पोटात दुसरेच कावळे ओरडायला लागले होते, घरी पंगत खोळंबली होती. तेवढ्यात अविनाशची नजर केदारच्या मुठीवर गेली.

"मूठ उघड," तो म्हणाला.

केदारनं उघडली नाही. अविनाशनं सगळ्यांदेखत त्याचं मनगट धरून ती उघडली. बायकांत कुजबुज सुरू झाली. मालतीबाई, त्याची सख्खी आई, पुढं आली आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या नखांत अडकलेत रे ते."

चिंधा परत बसला. त्यानं जमेल तेवढं राखून कापायला घेतलं, तर अविनाश वर उभा राहून मुळापासून, मुळापासून म्हणत राहिला. अनामिकेतून रक्त आलं.

कावळा आला नाही.

मग अविनाश म्हणाला, शब्द दे. पिंडापुढं हात जोडून सांग, गिटारला पुन्हा हात लावणार नाही. केदारनं आईकडं पाहिलं. ती पिंडाकडं बघत होती. त्यानं हात जोडले आणि सांगितलं. अविनाशनं मोठ्यानं सांगायला लावलं, म्हणून दोनदा सांगितलं.

स्कूटरवरचा कावळा उडाला आणि पलीकडच्या दुसऱ्याच कुणाच्या पिंडावर जाऊन बसला.

गुरुजींनी घड्याळात बघितलं, पिशवीतून दर्भ काढला, त्याचा कावळा वळला आणि पिंडाला टेकवला. झालं. असंच करतात, ते म्हणाले, कावळा नाहीच शिवला तर शास्त्रात सोय आहे. दर्भ सकाळपासून पिशवीतच होता. मंडळी चपला शोधायला लागली.

परतताना गाडी अविनाश चालवत होता, शेजारी आई, मागं केदार. बोटांवर रुमाल गुंडाळलेला. केदारनं विचारलं, "दादा, तो आला नाही. मग माझा शब्द सुटला का?"

"आईसमोर दिलायस," अविनाश म्हणाला.

केदार आईच्या पाठमोऱ्या डोक्याकडं बघत राहिला. ती म्हणाली असती तर सुटला असता. ती खिडकीबाहेर बघत होती.

"आणि मनाला लावून घेऊ नकोस," सिग्नलला थांबल्यावर अविनाश आरशातून म्हणाला, अगदी सहज, प्रेमानंच म्हणा ना. "लोक उपाशी होते. कुणीतरी काहीतरी सोडायलाच हवं होतं रे. सगळ्यांत तुझंच सोडण्यासारखं होतं."

आई हो म्हणाली. घरी गेल्यावर केदारला पहिल्या पंगतीला बसवलं, आणि उजव्या हाताला झोंबतंय म्हणून वाटीत चमचा दिला.