उघडं कवच

नूतनचा सर्दीशी उभा दावा होता. सडक अर्जुनीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी बाई, त्यात केशोरीच्या घरची मोठी सून. तिच्या शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती. नणंद डिंपल बाळंतपणाला माहेरी आली, लेक दिवस भरायच्या आधीच झाली, महिनाभर गोंदियाच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हिला साधी सर्दीसुद्धा झेपायची नाही. तेव्हापासून नूतनच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

बारशाच्या दिवशीही ती एक तास घ्यायला गेलीच. परीक्षा तोंडावर आली होती. वर्गात तिनं पुठ्ठ्याचा विषाणू जोडला. वीस त्रिकोण, बारा टोकं.

"हे प्रथिनांचं कवच. सारखे तुकडे एकमेकांत घट्ट बसतात. फ्लू, कोरोनाच्या कवचावर चरबीचं आवरणही असतं. सॅनिटायझर ती चरबी विरघळवतो की खेळ खलास." नाक पुसत ती पुढे म्हणाली, "पण साध्या सर्दीच्या बऱ्याच विषाणूंना ही चरबी नसतेच. कवच उघडंच. त्याला सॅनिटायझर फारसं..."

वाक्य तोंडातच राहिलं. दोन दिवसांपासून तिचं नाक गळत होतं. मास्क बांधून, हाताला सॅनिटायझर चोळून ती बाळाला खुशाल मांडीवर घेत होती. बाहेरून येणाऱ्यांसाठी सासूनं दारात ठेवलेली बादली नि साबण उचलून तिनंच तिथं सॅनिटायझरची बाटली ठेवली होती, ओल्या हातांचा बाळाला गारवा लागतो म्हणून. दरवर्षी हाच धडा शिकवायची, पण घरी न्यायचं काही सुचलं नाही. अशी हुशारी काय चाटायची?

तास अर्धवट टाकून तिनं गाडी काढली. रस्ता सरता सरेना. डिंपलचा फोन लागेना. स्वतःचा एवढा राग तिला कधी आला नव्हता.

दारात बायका ओळीनं हाताला सॅनिटायझर चोळत उभ्या होत्या.

"थांबा! कोणी बाळाला हात नका लावू. आधी साबणानं हात धुवा," ती ओरडली.

सासू धुरपताबाई चिडल्या. "काऊन वं? तूच तं बाटली ठेवली ना! आता बायाइले काऊन तरास देऊन राहिली?"

"माझं चुकलं, आई. सर्दी मलाच आहे. या सर्दीला ती बाटली पुरत नाही."

पाळण्याशी बसलेली डिंपल हळूच म्हणाली, "वहिनी, सकाळपासून हिचं नाक वाहून राहिलं. दूधबी नाई घेऊन राहिली. बारसं होऊ द्यावं, मंग सांगावं म्हटलं."

नूतननं पाळण्यात डोकावून पाहिलं. बाळाचे श्वास भराभर चालले होते, छाती आत ओढली जात होती. बारसं राहिलं तिथंच. "गोंदियाला निघू, आत्ताच," म्हणत तिनं बाळाला उचलायला दोन्ही हात पुढे केले.

डिंपलनं लेकीला पदराआड घेतलं.

"तुम्ही नोका घेऊ, वहिनी. तुम्ही गाडी चालवा."

नूतननं हात मागे घेतले आणि ती गाडीकडे धावली.