डावी सोंड

सोंड मीच डावीकडे वळवली होती, आणि मार्थाला सांगून वळवली होती. तिनं पाठवलेल्या नमुन्यातल्या हत्तीची सोंड उजवीकडे होती. उजव्या सोंडेचं सोवळं किती कडक असतं, ते आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि हे हत्ती तर अमेरिकेतल्या मुलांच्या अंथरुणात लोळणार, त्यांना लाळ लागणार, ते कुशीखाली चेपले जाणार. मला ते जमणार नव्हतं. जूनमध्ये व्हिडिओ कॉलवर मी डाव्या सोंडेचा हत्ती तिच्यासमोर धरला आणि कारणही सांगितलं. मार्था खळखळून हसली. म्हणाली, "चालेल की बकुल, हीच जास्त गोड दिसते."

तिच्या तोंडी मी बकुल. खरी मी बकुळ पुराणिक. झाशीत, नगरा नावाच्या वस्तीत माझा सॉफ्ट टॉयचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, शिवणाची मशिनं आणि त्यावर बसणाऱ्या सात-आठ बायका. कापड सुरतचं, आतला फायबर पानिपतचा, डोळे चीनचे, आणि हत्ती जायचे होते मार्थाच्या अमेरिकेतल्या दुकानात, नाताळासाठी. माझे सासरे गणपतीची पूजा सांगून घर चालवायचे, मी हत्ती शिवून चालवते. घराण्याचा धंदा काही बदलला नाही, असं आमचे हे म्हणतात.

यंदा गणेशचतुर्थीला सकाळी मी उकड मळत होते. माझा भाचा कौशिक लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. कारखान्याचे इंग्रजी मेल तोच बघतो.

"मावशी, मार्थाजींनी माल रिजेक्ट केला."

"का?"

"लिहिलंय, फोटोतली सोंड सँपलसारखी नाही. डिफेक्ट आहे म्हणे."

मी हात थांबवला नाही. उकड गार झाली की मोदकाला चिरा जातात. पण डोकं असं तापलं की त्यावरच मोदक वाफवून झाले असते.

"अगं, सोंड तो बहाना है," कौशिक म्हणाला. "आजपासून अमेरिकेत आपल्या मालावर पन्नास टक्के टॅरिफ लागलं, म्हणजे आयात कर, आणि तो भरायचा मार्थाजींनी. आधी पंचवीस होतं. आपण रशियाकडून तेल घेतो, रशिया युक्रेनशी लढतोय, म्हणून अमेरिकेनं आपल्यावर आणखी पंचवीस लावलं."

"मग तसं लिहायचं. माझ्या सोंडेला कशाला नावं ठेवायची?"

त्याचं उत्तर आमच्या करारात होतं. तिनं आपणहून ऑर्डर मोडली तर अर्धी रक्कम आम्हांला द्यायची. आमच्या कामात खोट निघाली तर काहीच द्यायचं नाही. आणि मार्थाचं जूनमधलं 'चालेल की' कागदावर कुठेच नव्हतं. कौशिकनं मार्गही काढून ठेवला होता. म्हणाला, "आपण गलती मान्य करू, किंमत खूप उतरवू, ती सगळा माल उचलेल. तिचं टॅरिफ निघेल, आपला माल निघेल. एक मेल आणि विषय खतम."

मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. दिवाळीला दोनच महिने होते. पण आमच्या धंद्यात मजुरी नगावर असते, आणि बिघडलेल्या नगाची मजुरी नसते. चूक मान्य केली म्हणजे ती कुणाच्या तरी हातावर जाणार. सोंडा सगळ्या कुसमा शिवते. तिच्यासारखी सोंड झाशीत कुणाला शिवता येत नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण ती लगेच मजुरी वाढवून मागेल.

कारखान्यात आम्ही दीड दिवसाचा गणपती बसवतो. दुपारी आरतीला सगळ्या जमल्या, तोवर 'रिजेक्ट' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता. आरती झाली, मोदक वाटले. कुसमानं आपला मोदक पदरात बांधला आणि सरळ विचारलं, "बाई, मजूरी काटने होय तो काट लो. पर जा बताओ, गलती हमाई है के तुमाई?"

"किसी की नहीं," मी म्हणाले.

"तो माल काए नईं लओ?"

माल का घेतला नाही, म्हणून मी टॅरिफ सांगायला गेले, पण माझं मलाच ते पटेना. रशिया, युक्रेन, तेल, आणि त्यामुळे नगऱ्यात शिवलेला हत्ती सदोष. सणाच्या दिवशी मी थापा मारतेय असंच कुणालाही वाटलं असतं. कुसमा ऐकून घेऊन निघाली. जाताना मशीनवरची आपली कात्री तिनं पिशवीत टाकली. कारागीर आपली कात्री उचलतो तेव्हा परत येण्याचं काही खरं नसतं. मला फार लागलं ते. मार्थानं माल घेतला नसता तर मी सोसलं असतं, पण कुसमानं स्वतःच्या हातावर संशय घेऊन घरी बसावं हे मी सोसणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मी ताल या तळ्यावर विसर्जनाला जायचं होतं. उत्तरपूजेसाठी मी सगळ्यांना बोलावलं आणि कुसमाला आणायला स्वतः गेले. ती पिशवी घेऊन आली, पण मशीनकडे न जाता दाराशीच उभी राहिली. मार्थाकडे तेव्हा सकाळ. मी कौशिकला म्हटलं, "लाव फोन."

"मावशी, सबके सामने? आधी आतल्या खोलीत बोल ना."

"इथेच लाव."

मार्था पडद्यावर आली. मागे तिच्या दुकानातली अर्धी रिकामी फळी दिसत होती. माझं इंग्रजी दणकट आहे, व्याकरणाच्या भानगडीत पडत नाही. मी हत्ती उचलून पडद्यासमोर धरला. "मार्था, ही सोंड वाईट आहे?"

"बकुल, नमुन्याप्रमाणे..."

"नमुना नको. सोंड सांग."

मी हत्ती तसाच धरून ठेवला. कौशिक मधे बोलायला गेला, त्याला मी डोळ्यांनीच बसवलं. मग मार्थानं चष्मा काढला. म्हणाली, "सोंड उत्तम आहे. माझं दुकान लहान आहे. एवढा कर भरून माल घेतला तर मी बुडते, आणि ऑर्डर मोडून तुला पैसे दिले तरी बुडते. मला दुसरं काही सुचलं नाही."

मला तिचा संताप आला आणि तिची दयाही आली. दोन्ही एकदमच. मी वळून बायकांना हिंदीत सगळं सांगितलं. कुणी तेल घेतलं, कोण कुणाशी लढतंय, कोण कुणावर चिडलं. कुसमानं कपाळाला आठ्या घालून ऐकलं.

"मतलब तेल उनने लओ," ती म्हणाली, "और सूँड हमाई खराब हो गई?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

मी परत पडद्याकडे वळले. "मार्था, कराला कर म्हण. अर्धा माल घे, त्याच्या कराचा निम्मा भार मी किमतीत उचलते. उरलेला माल माझा, मी त्याची भरपाई मागणार नाही. पण सोंडेवरचा आरोप आत्ता मागे घे."

"मावशी, नुकसान होईल," कौशिक कुजबुजला. "एवढे हत्ती इथल्या सीपरी बाजारात कोण घेणार?"

"सीपरीत नाही घेतले तर ग्वाल्हेरला नेईन. तिथून इंदूरला, नागपूरला. तू नि मी, दोघं मिळून पोती उचलू."

मार्थानं आकडे लिहून घेतले, दोनदा विचारले आणि मान डोलावली. "ठीक. कामात काही खोट नव्हती. काम फार चांगलं आहे."

कौशिकनं ते हिंदीत सांगितलं. दाराशी उभ्या कुसमानं मला विचारलं, "जा तुमसे कै रईं के हमसे?" हे तुम्हाला म्हणतेय की मला, एवढंच तिला हवं होतं.

मी फोन उचलला, तिच्यासमोर नेऊन धरला आणि मार्थाला म्हटलं, "सोंड हिनं शिवली. हिला सांग." मार्थानं नाव विचारलं. मग हळू, एकेक शब्द तोडून म्हणाली, "कुसमा, तुझं काम फार चांगलं आहे. मी खोटं बोलले. सॉरी."

शेवटचा शब्द कुसमाला कुणी समजावून द्यावा लागला नाही. तिनं पिशवीतून कात्री काढली, मशीनपाशी जाऊन स्टूल पुढे ओढलं आणि अर्धवट पडलेला हत्ती मांडीवर घेतला. उत्तरपूजा अजून व्हायची होती, पण तिला थांबवायची माझी छाती झाली नाही. मी फोन हातात धरून तिथेच, दिवा आणि मशीन यांच्या मधे उभी होते.

"हटो बाई," ती म्हणाली, "उजालो रोक रईं."