अर्ध्या दाढीची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, सलूनमधली. रेक्झिनला भेगा पडून आतला काथ्या बाहेर डोकावू लागला आहे, इतकी जुनी. पण अजूनही एका बोटाने फिरवा, गर्रकन फिरते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ माझ्या या फिरण्यामुळे झाला.

माझा पाय ओतीव लोखंडाचा आहे. ज्या कारखान्यात तो ओतला तिथे पाण्याचे पंपही बनत. त्यामुळे मी जन्मतःच दणकट, नाजूकपणा मला कधी परवडला नाही. पाठीमागचा दांडा दाबला की मी मागे रेलते. मला या दुकानात आणलं तेव्हा मालक आणि मी, दोघंही नवे कोरे होतो.

माणूस माझ्यात बसतो तेव्हा आधी ताठ असतो. मग गळ्याभोवती कापड येतं, गालाला कोमट फेस लागतो, आणि हळूहळू त्याचं सगळं ओझं माझ्यावर येतं. ते ओझं मला फार आवडे. तुमच्यासारख्या लहानांसाठी माझ्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकत. त्या फळीवर बसून भोकाड पसरलेले बरेचजण आज गल्लीत मिशांना पीळ देत हिंडतात. नावं घेत नाही.

मग डोंगरात बंदूकवाल्यांची पथकं उभी राहिली. त्यांना वर्दी होती, हुकूम देणारे होते, पण ती कुठल्या सरकारची नव्हती. गल्लीतले लोक दिवे लागायच्या आत घरात शिरू लागले. त्याच वर्षांत मालकाचा हात थरथरायला लागला. वयाने की धास्तीने, ते त्याचं त्यालाच ठाऊक. थरथरत्या हातात वस्तरा धरून भागत नाही. दुकान बंद झालं, माझ्यावर चादर पडली आणि माझ्या काथ्यात एका उंदरीने बाळंतपण उरकून घेतलं.

पुढे समेट झाला. पथकांतल्या लोकांनी मैदानावर बंदुका आणून टाकल्या. त्या बंदुकांचं काय करायचं याची पक्की योजना होती, त्या वितळवायच्या होत्या. माणसांची योजना मात्र घाईघाईत उरकलेली दिसली. कुणाला सुतारकाम शिकवलं, कुणाला शिलाई, कुणाला हजामत, आणि जा बाबांनो, आता चारचौघांसारखे राहा म्हणून सोडून दिलं. चारचौघांना मात्र कुणी काहीच शिकवलं नव्हतं.

आमच्या वाट्याला आला तो डोंगऱ्या. हे नाव गल्लीने ठेवलं. रुंद खांद्यांचा, तिशीतला, आणि बोलायला इतका कंजूष की न्हावी म्हणून शोभेचना. दुकान नाहीतरी बंदच होतं, म्हणून मालकाच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्याला ते चालवायला दिलं.

उद्घाटनाला पुनर्वसन कार्यालयाचे साहेब आले. ते माझ्यात बसले, डोंगऱ्याने त्यांच्या गालाला फेस लावला, फोटो निघाला. साहेबांनी रुमालाने फेस पुसला आणि दाढीसकट निघून गेले. जाताना आरशाच्या मधोमध एक मोठा कागद चिकटवून गेले. त्यावर ‘नवी सुरुवात’ असं लिहिलं होतं.

“हा काढायचा नाही हं,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब,” डोंगऱ्या म्हणाला. हुकूम पाळण्यात तो पक्का होता. इतकी वर्षं त्याला दुसरं शिकवलं काय होतं?

गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून बसलं की न्हाव्याची पाठ दाराकडे होते. डोंगऱ्याला तेच जमेना. दाराकडे पाठ करणारे त्याचे सोबती जिवंत राहिले नव्हते. म्हणून तो मला भिंतीकडे आडवी फिरवायचा आणि एक डोळा दारावर ठेवून हात चालवायचा. बसणाऱ्याला समोर दिसायची पोपडे आलेली भिंत, आणि कानाशी वस्तऱ्याचा आवाज. डोंगरातून आलेला माणूस आपल्या गळ्याशी नेमकं काय करतोय ते दिसायची सोय नाही. लोक “जरा येतोच” म्हणून उठायचे, ते यायचेच नाहीत.

समोरचा चहावाला मात्र धीराचा. निदान तसं दाखवायचा तरी. “बघू तर, मान शिल्लक राहते का,” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत तो एकदा माझ्यात येऊन बसला. एक गाल साफ झाला आणि वाऱ्याने दार धाडकन आपटलं.

डोंगऱ्याने मला गर्रकन दाराकडे फिरवलं आणि तो माझ्या मागे खाली दबून बसला. पुढे चहावाला. मित्रांनो, मी लोखंडाची, माझा आडोसा घ्यावासा वाटला यात नवल नाही. पण माझ्यात माणूस बसलेला होता.

चहावाला अर्धी दाढी घेऊन रस्ता ओलांडून गेला. लोक आधी पोट धरधरून हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की दारातून गोळी आली असती तर ती कुणाला लागली असती. त्यानंतर हसणंही थांबलं आणि येणंही.

रिकामी खुर्ची म्हणजे काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू? डोंगऱ्या रोज माझ्या पायाला तेल घाली, हात पुसून लख्ख करी. मला चीड येई. अरे, मला तेल नको, माणूस आण! कार्यालयात काकू दोनदा जाऊन आल्या. साहेबांना भेटायला वेळ नव्हता, फोटो मात्र तिथल्या भिंतीवर झकास लावला होता.

अशात एका दुपारी त्याचा पथकातला जुना जोडीदार दारात उभा राहिला.

“काय रे, खुर्च्या पुसतोस? तिकडे पुन्हा माणसं जमवतायत. जेवणखाण आहे, आणि कुणी तुला बघून रस्ता बदलणार नाही.”

“उद्या सांगतो,” डोंगऱ्या म्हणाला. त्याने नाही म्हटलं नव्हतं. मागच्या खोलीतून काकूंनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी काकू पदर खोचूनच दुकानात आल्या. “बस,” मला आरशाकडे फिरवून त्यांनी बोट दाखवलं.

“मी?”

“नाहीतर मी बसू? मला दाढी येते का?”

“काकू, दाराकडे पाठ...”

“होऊ दे. लोकांना म्हणायचास ना, मान पुढे करा? आज तू कर. आमच्या ह्यांचे हात थरथरायला लागल्यापासून त्यांची दाढी मीच करते. अजून तरी नवरा शाबूत आहे.”

तो बसला, पण ओझं टाकेना. अंग दगडासारखं, तळवे माझ्या हातांवर घट्ट. काकूंनी फेस लावला, वस्तरा उचलला आणि त्याच वस्तऱ्याने आधी आरशावरचा कागद खरवडायला सुरुवात केली.

“काकू, साहेबांनी सांगितलंय...”

“साहेबांना आरसा बघायचा असेल तर त्यांच्या घरी आहे.”

कागद सोलून निघाला. त्याखालच्या काचेत दार दिसत होतं. सबंध दार, उंबऱ्यापासून चौकटीपर्यंत, आणि पलीकडे चहावाल्याची शेगडीसुद्धा.

“हे बघ,” काकू म्हणाल्या. “दार तुझ्यासमोरच होतं. साहेबांच्या कागदाने ते झाकलं होतं, एवढंच.”

डोंगऱ्या बघत राहिला. तेवढ्यात त्या आरशातल्या दारात तो जोडीदार आला.

“काय ठरलं?”

वस्तरा गळ्यावर होता. डोंगऱ्या वळला नाही. “तोंडाला फेस आहे,” तो ओठ न हलवता म्हणाला. “पण मी येत नाही.”

“दाढी करायची असेल तर बाकावर बस,” काकू त्याला म्हणाल्या. “नसेल तर जाताना दार ओढून घे. वारा येतो.”

जोडीदार आल्या पावली गेला. दार मात्र त्याने उघडंच टाकलं. आणि तेव्हा, मित्रांनो, डोंगऱ्याचं ओझं माझ्यावर आलं. सगळं.

पुढे बऱ्याच दिवसांनी चहावाला आला. “माझी अर्धी दाढी तुझ्याकडे राहिलीय,” म्हणत बसला. या वेळी मी आरशाकडे तोंड करून होते. काम निम्म्यावर आलं आणि मेलं ते दार पुन्हा आपटलं. वस्तरा थांबला. माझ्या पाठीवरचा डोंगऱ्याचा हात आवळला, तो मला जाणवला. चहावाल्याने डोळे गच्च मिटले. डोंगऱ्याने आरशात पाहिलं.

“वारा आहे,” तो म्हणाला आणि त्याने दुसरा गाल पुरा केला.

इथे गोष्ट गोड संपवता आली असती. पण बाकीची गल्ली अजून लांबच्या सलूनमध्येच जाते. चहावाला एकटा किती दाढ्या वाढवणार? साहेब त्यानंतर फिरकले नाहीत. काथ्या तसाच बाहेर आहे, आणि डोंगऱ्या रोज तेल घालतोच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवल्या म्हणजे त्यांची काळजी घेतली असं होत नाही. त्या वापराव्या लागतात. माणसांचंही काही वेगळं नसावं. तुमच्या मोठ्यांना हे पटेपर्यंत मी गंजून जाईन, म्हणून तुम्हालाच सांगते. कानांवर केस आले असतील तर या. फळी जागेवर आहे. तुम्ही रडलात तरी चालेल, डोंगऱ्याला आता आवाजाची सवय होते आहे.