शिकागोत कोल्हापूरची सकाळ

मी बोलतोय तो एक बटणांचा मोबाईल. तळहातात मावणारा, काळ्या रंगाचा, पडद्याच्या कोपऱ्याला बारीक चीर गेलेला. ज्या कारखान्यात मी जन्मलो तो मला आठवत नाही. आठवतं ते कोल्हापुरातल्या राजारामपुरीतलं दुकान, काचेचं कपाट आणि मला उचलून घेणारा संघप्रियाचा हात.

संघप्रिया एका लहानशा कंपनीत मोबाईलसाठी प्रोग्राम लिहायची. दोन हजार सहा साल होतं. तिनं मला घेतलं ते गप्पा मारायला नव्हे, वडिलांच्या गोळ्यांसाठी.

वडील म्हणजे अण्णासो. एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी गगनबावड्याच्या घाटातल्या धुक्यात गेलेली. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा बायकोनं, मीनाबाईंनी, आपली एक किडनी त्यांना दिली. शरीरानं ती परकी मानू नये म्हणून अण्णांना रोज दोनदा गोळी घ्यावी लागायची. सकाळी नऊला आणि रात्री नऊला. मधलं बारा तासांचं अंतर सांभाळायचंच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग संघप्रियानं माझ्यासाठी गोळीची आठवण करून देणारा प्रोग्राम लिहिला. मी वाजलो की अण्णा म्हणायचे, "वाजला माझा साहेब!" आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे.

ती त्या प्रोग्रामची तपासणी करायची तेव्हा मी थक्क होऊन जायचो. ती माझं गाव बदलायची. कधी लंडन, कधी टोकियो, कधी शिकागो. एक बटण दाबलं की माझ्यात दिवस मावळायचा, दुसरं दाबलं की उजाडायचा. आणि या सगळ्याखाली, माझ्या अगदी आत, एक आकडा सेकंदासेकंदानं वाढत असायचा. त्याला ना सकाळ, ना संध्याकाळ.

तिनं तो एकदा अण्णांना दाखवला. "अण्णा, जगातल्या कुठल्याबी फोनात आत्ता हाच आकडा हाय. घड्याळं तेवढी निरनिराळी. दिवस-रात्र आपण वरनं चढवतो."

अण्णांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. "म्हंजे समद्या दुनियेचा आत्ता एकच," एवढंच बोलले. मलाही माझ्या पोटात काय आहे ते त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी थोरला मुलगा प्रसेनजीत, जो शिकागोत नोकरीला होता, त्याला मुलगी झाली. नात बघायची म्हणून अण्णा हटून बसले. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण गोळीचं अंतर मोडायचं नाही या अटीवर. कोल्हापुरात सकाळी नऊ वाजतात तेव्हा तिथं आदल्या रात्रीचे साडेनऊ. इथली सकाळची गोळी तिथं रात्रीची होणार, एवढाच फरक. संघप्रियानं ते सगळं मला नीट शिकवलं आणि अण्णा-मीनाबाईंबरोबर, अण्णांच्या खिशातून, मी विमानात बसलो.

विमानतळावर प्रसेनजीतनं अण्णांना मिठी मारली आणि गाडीत बसल्यावर मला हातात घेतलं. "अण्णा, तुमचं घड्याळ अजून कोल्हापूरचंच हाय की!" असं म्हणत त्यानं वेळ मागं घेऊन शिकागोची लावली. प्रेमानंच लावली. फक्त माझं गाव त्यानं बदललं नाही.

त्यामुळं मला वाटलं, मी कोल्हापुरातच आहे, आज रात्री नऊची गोळी विमानात होऊन गेली आहे आणि उद्याची सकाळ अजून लांब आहे. माझ्या आतला आकडाही वेळेबरोबर मागं गेला.

संध्याकाळभर नात हातोहात फिरत होती. पोरीला मांडीवर घेऊन अण्णा डुलक्या काढत होते आणि मी टेबलावर गप्प होतो. तेवढ्यात घरचा फोन वाजला. कोल्हापुरात नऊ वाजून गेले होते आणि पलीकडं संघप्रिया होती.

"अण्णा, गोळी घेतली?"

"न्हाय ग. साहेब वाजलाच न्हाय अजून."

"दादाला द्या आधी." तिचा आवाज चढला. "दादा, मोबाईलचं घड्याळ कुणी फिरवलं?"

"मीच. इथली वेळ लावून दिली."

"आन् गाव?"

"गाव कशाला बदलायचं?"

"अरे, त्याला वाटतंय तो अजून कोल्हापुरातच हाय! उद्या सकाळपतोर वाजणार न्हाय तो. गोळी दे आधी, मग बोल."

मीनाबाईंनीच धावत जाऊन पाणी आणलं. अण्णांनी गोळी गिळली तेव्हा मीनाबाईंचा हात त्यांच्या पाठीवर होता. मग त्या लेकाकडं वळल्या. "माझी किडनी हाय ती, प्रसेनजीत. यंत्राच्या भरवशावर टाकून बसलासा व्हय सगळी?"

थोड्या वेळानं प्रसेनजीतनंच बहिणीला फोन लावला. "काय करू सांग."

त्या आठवड्यात दोघं भावंडं माझ्यावर कामाला बसली. ती तिकडून प्रोग्राम पाठवायची, तो इकडं वायर लावून माझ्यात भरायचा. आता कुणी माझी वेळ अचानक हलवली की मी आधी विचारायचो, "गाव बदललं का?"

मग आणखी एक नवल समजलं. "पुढच्या रविवारी इथं सगळे घड्याळ तासभर पुढं घेतात," प्रसेनजीत म्हणाला.

"कोण घेतं?" अण्णांनी विचारलं.

"सरकारचा नियम हाय. उन्हाळ्याचा उजेड जास्त मिळावा म्हणून."

"आन् सूर्याला कळवलंय का?"

सगळे हसले. मी मात्र गोंधळलो होतो. माझ्या आत हा बदल एप्रिलात लिहिलेला होता, आणि तिथल्या सरकारनं नेमका त्याच वर्षी तो मार्चात आणला. संघप्रियानं नवा नियम माझ्यात घातला.

तो रविवार उजाडण्याआधी माझ्या पडद्यावरचे दोन वाजलेच नाहीत. एकदम तीन झाले. एवढं मोठं शहर, आणि तिथला एक तास कुणाच्याच वाट्याला आला नाही! पण माझ्या आतला आकडा एका सेकंदानंही अडखळला नाही. एवढा विस्मय मला पुन्हा कधी वाटला नाही.

सकाळी, रात्रीच तासभर पुढं घेतलेल्या भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले. अण्णा गोळी हातात घेऊन बसले. "साडेनऊ झाले. ह्यो परत बिघडला."

प्रसेनजीत बहिणीला फोन लावायला उठला, पण मीनाबाईंनी हात वर केला. "थांबा. पोरीनं शिकवलंय त्याला. वाजू दे."

त्या मला समोर ठेवून बसल्या. कुणी टीव्ही लावला नाही. भिंतीवर साडेदहा झाले आणि मी वाजलो. माझा आवाज संपायच्या आत घरचा फोनही वाजला.

"अण्णा, इथं रात्रीचे नऊ वाजले," संघप्रिया म्हणाली.

अण्णांनी खिडकीबाहेर बर्फावर पडलेलं ऊन पाहिलं. "पोरी, हितं लख्ख दिवस हाय," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मीनाबाईंनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आम्ही कोल्हापुरात परतलो. माझ्या बटणांवरचे आकडे पुसले गेलेत आणि चार्जरची वायर काढली की मी बंद पडतो. संघप्रियानं अण्णांसाठी नवा फोन आणलाय, मोठ्या पडद्याचा. तो हुशार आहे. स्वतःच गाव ओळखतो म्हणे. माझी तक्रार नाही. उद्या मला मोडीत द्यायचं ठरलं तरी चालेल. फक्त आधी नऊ वाजू द्या, अण्णांना गोळी घेऊ द्या, आणि मगच माझी वायर काढा.