दीपक सरांचा कोळी

नाझियाने दोन्ही कुप्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या. एकीत तळहाताएवढी कोळीण, दुसरीत तांदळाच्या दाण्याएवढा कोळी. पेठच्या जंगलात दोघं एकाच जाळ्यावर सापडली होती.

"डीएनएचा निकाल आला, सर. दोघं एकाच प्रजातीची निघाली. ही मादी, हा तिचा नर."

दीपक सरांनी चष्मा काढला. गेल्या वर्षी नाझियाने याच दोघांना दोन नव्या प्रजाती म्हणून जाहीर केलं होतं. तिचे दोन्ही मार्गदर्शक एकाच खोलीत बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. म्हणून कोळिणीला वेदिका मॅडमचं नाव, कोळ्याला सरांचं. दोघांनी पेढेही वेगवेगळ्या दिवशी वाटले होते.

"म्हणजे माझा कोळी..."

"मॅडमच्या कोळिणीचा नवरा आहे, सर."

वेदिका मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाझिया, आता नाव कुणाचं राहणार?"

"नियमाने एकच राहतं, मॅडम. कोणतं, ते मी ठरवायचं."

हे सांगायला नको होतं.

"मॅडमना सांग," सर म्हणाले, "डीएनएवरून काढलेला वंशवृक्ष चुकलाय. नमुन्यांची सरमिसळ झाली असणार."

"पुन्हा पुन्हा काढून बघितला, सर. दोघं एकाच फांदीवर येतात."

सरांनी आपल्या कोळ्याची कुपी उजेडात धरली. "मादी नराला खाते का गं?"

"कधीकधी."

मॅडमना हसू आलं.

सोमवारी प्रबंध जमा झाला नाही, तर नाझियाची नोंदणी रद्द होणार होती. त्यावर या दोघांच्या सह्या हव्या होत्या. मुलगी डॉक्टर होतेय, असं अम्मीने वडाळा गावात सांगून ठेवलं होतं. शेजारणी आत्तापासूनच गुडघे दाखवायला येत होत्या.

सर अचानक खुर्चीसकट वळले. "वेदिका मॅडम, मला वाटतं हिने पुन्हा पेठला जावं."

"अगदी बरोबर, सर. सगळे नमुने नव्याने. वर्षभर तरी."

"वर्ष कमीच पडेल."

"सर, सोमवारी..." नाझिया म्हणाली. कुणी ऐकलं नाही. ती इथे यायच्या आधीपासून, म्हणजे ती शाळेत असल्यापासून, या दोघांचं कशावरही एकमत झालं नव्हतं. सरांनी आपल्या थर्मासमधला चहा मॅडमच्या कपात ओतला. मॅडम "पुरे, पुरे" म्हणाल्या, पण कप मागे घेतला नाही.

नाझिया बाहेर आली. दार हळूच ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली. मग खाली बसून सह्यांचं पान दाराखालच्या फटीतून आत सरकवलं.

पेन मात्र जाईना. तिने टोपण काढलं.